दप्तर प्रोग्रामच्या बाहेर



आजचा विषय संगणकवाल्यांच्या आपसातल्या बोलण्यातला आहे. तो या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. प्रश्न असा आहे : एखादा लहान प्रोग्राम स्वतःच्या पोटात वेब सर्व्हर घेऊन चालत असेल, तर लोकांना द्यायच्या फाइली त्याने पोटातच ठेवाव्यात, की बाहेरच्या एखाद्या फोल्डरात ठेवून तिथून द्याव्यात? प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा पाच मिनिटांचा निर्णय वाटतो. पण वाशीम जिल्ह्यातले ग्रंथालय, जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत किंवा कारंज्याच्या मंदिरातले पोथ्यांचे भांडार यांपैकी कोणीही आपले कागद संगणकावर आणायला निघाले, की त्या पाच मिनिटांत ठरलेल्या गोष्टीवर पुढची पंधरा-वीस वर्षे अवलंबून राहतात. माझे म्हणणे असे आहे की सार्वजनिक संस्थेचे दप्तर प्रोग्रामच्या बाहेर, त्या संस्थेच्या हातातल्या फोल्डरातच असले पाहिजे. प्रोग्रामने फक्त त्या फोल्डराकडे बोट दाखवावे. या म्हणण्याला आक्षेप आहेत, त्यातला एक तर चांगलाच वजनदार आहे, आणि त्याला उत्तर देण्यातच आजचा बराच वेळ जाईल.

आधी यंत्राची ओळख थोडक्यात करून घेऊ. ब्राउझर जे मागेल ते काढून देणारा प्रोग्राम म्हणजे वेब सर्व्हर. पूर्वीची रीत अशी की आधी सर्व्हर बसवायचा आणि मग त्याच्यावर आपला प्रोग्राम चढवायचा. ग्रेग विल्किन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या जेटी या सर्व्हरने आणि पुढे टॉमकॅट या दुसऱ्या सर्व्हरने ही रीत उलटी करण्याची सोय दिली. सर्व्हर हाच प्रोग्रामचा एक अवयव झाला. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट या तयार सांगाड्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांत हीच रूढी पडली. आता सगळा प्रोग्राम बांधलेली एक जार फाइल असते, ती चालू करण्याची एक आज्ञा असते आणि सर्व्हर उभा राहतो. घरातल्या राउटरमध्ये, भिंतीवरच्या कॅमेऱ्यात असाच एक चिमुकला सर्व्हर बसलेला असतो. तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय या संगणकावर तो चालवला तर इंटरनेट नसलेल्या वर्गातही तीस-चाळीस मुले आपापल्या मोबाइलवर पुस्तक उघडू शकतात. मागणाऱ्या माणसाप्रमाणे ज्या बदलत नाहीत त्या स्थिर फाइली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ, पोथीच्या पानाचे छायाचित्र, ग्रामसभेचे इतिवृत्त, गावाचा नकाशा या सगळ्या त्यात आल्या. स्प्रिंग बूटला वेगळे काही सांगितले नाही तर तो या फाइली जारच्या आतल्या ठरावीक जागी शोधतो. न सांगता होणारी गोष्ट म्हणजे योग्य गोष्ट, असा समज होतो आणि दप्तर मुकाट्याने प्रोग्रामच्या पोटात जाते.

कारंजा लाड येथे दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत : बलात्कारगणाचे, सेनगणाचे आणि काष्ठासंघाचे. त्यांच्या भांडारांत संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश पोथ्या शतकानुशतके सांभाळल्या गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपुराहून प्रसिद्ध केली. तीत या पोथ्यांच्या नोंदी आल्या आणि अपभ्रंशाच्या अभ्यासकांचे लक्ष कारंज्याकडे वळले. पाठोपाठ कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये आले. हिरालाल जैन यांनी संपादलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये आले. (हे हिरालाल वेगळे आणि सूचीकार रायबहादूर वेगळे, दोघांना एक करून टाकण्याची चूक छापील लेखांतही आढळते.) या प्रकरणात माझ्या कामाची गोष्ट एवढीच आहे की सूची नागपुराहून निघाली, पण ती निघण्यासाठी पोथ्या नागपूरला हलवाव्या लागल्या नाहीत. सूचीने पोथी कोठे आहे ते सांगितले. सूचीत चूक निघाली असती तर सूची सुधारता आली असती, पोथीला हात लावावा लागला नसता. पोथ्यांचे मालक आणि सूचीचे कर्ते यांची कामे वेगळी राहिली, म्हणूनच दोन्ही कामे टिकली. बाहेरच्या फोल्डराकडे बोट दाखवणारा सर्व्हर हे सूचीचेच काम करतो.

आता अशाच एखाद्या भांडारातल्या पोथ्यांची छायाचित्रे काढून ती वाचकांना द्यायची असे समजू आणि हिशेब मांडू. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या दराने रंगीत टिपले, तर न दाबलेली प्रतिमा साधारण २६ एमबीची होते. दोनशे पत्रांच्या पोथीच्या चारशे बाजू, म्हणजे दहा जीबीच्या वर. हे झाले जतनाचे मूळ रूप. वाचकाला देण्यासाठी जेपीईजी करून ते एक दशांशावर आणले तरी एका पोथीचा एक जीबी होतो आणि शंभर पोथ्यांचे शंभर. हे सारे जारमध्ये घातले, तर एका पानाचा क्रमांक चुकला म्हणून सगळी जार पुन्हा बांधावी लागेल, पुन्हा पाठवावी लागेल, आणि चालू सर्व्हर बंद करून नवा सुरू करावा लागेल. सेकंदाला दहा मेगाबिट वेगाची जोडणी अखंड चालली, तरी नुसते दहा जीबी पोचायला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लागतो. जारची रचना झिपची आहे. झिपच्या मूळ रचनेत ४ जीबी आणि ६५,५३५ फाइली ही मर्यादा होती. ती पुढे वाढवली गेली, पण मुळात ही पेटी कशासाठी घडवली होती ते त्या आकड्यांवरून कळते. बाहेरच्या फोल्डरात तेच पान बदलायचे असेल तर एक फाइल बदलायची आणि काम संपले. सर्व्हरला त्याची वार्ता देण्याचीही गरज नाही, कारण पुढच्या मागणीला तो डिस्कवरची फाइलच वाचतो. जुनी प्रत ज्याच्या ब्राउझरात साठलेली आहे तोही पुढच्या खेपेला विचारतो, माझ्याकडचे अजून चालेल का? फाइलीची तारीख पुढे सरकलेली असेल तर सर्व्हर नवी देतो, नाहीतर ३०४ एवढा आकडा सांगून परत पाठवतो.

आकार हे खरे तर दुय्यम कारण. डिस्क स्वस्त होतात, जोडण्या वेगवान होतात, आणि उद्या कोणी म्हणेल की शंभर जीबीची जारही आता चालते. मुख्य कारण मालकीचे आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर जबाबदारी टाकते. अभिलेख सूचिबद्ध ठेवावेत, सतरा बाबींची माहिती कोणी मागण्याआधीच प्रसिद्ध करावी आणि ती दर वर्षी अद्ययावत करावी, असे ते सांगते. ही जबाबदारी कार्यालयाची आहे, प्रोग्राम लिहून देणाऱ्या कंपनीची नव्हे. आता कल्पना करा की ती माहिती जारच्या आत आहे. वर्ष उलटले, अधिकाऱ्यांची यादी बदलली, अंदाजपत्रक नवे आले. कार्यालयाला आपलाच कागद बदलण्यासाठी प्रोग्रामरला फोन करावा लागतो, आणि त्याचे देखभालीचे कंत्राट संपलेले असते. कायद्याने ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याच्या हातात किल्ली नाही. कोठे काय ठेवावे हे ठरवताना मी म्हणूनच एकच कसोटी लावतो : ही फाइल कोण बदलणार? प्रोग्रामर बदलणार असेल तर आत, संस्था बदलणार असेल तर बाहेर. पानाची रंगसंगती ठरवणारी फाइल, बटणांची चित्रे, अक्षरांचा फाँट हे प्रोग्रामचे कपडे आहेत, ते त्याच्याबरोबरच असावेत. त्यांची आवृत्ती प्रोग्रामच्या आवृत्तीशी जुळली नाही तर पान मोडते. सगळे एकाच गाठोड्यात असले की काही हरवत नाही, असा जो आक्षेप घेतला जातो तो या कपड्यांपुरता पूर्ण खरा आहे. इतिवृत्ताला आणि पोथीला मात्र प्रोग्रामच्या आवृत्तीशी काही कर्तव्य नसते.

कागद प्रोग्रामपेक्षा जास्त जगतात, ही गोष्ट वाशीमकरांना निराळ्या रीतीने ठाऊक आहे. वाशीम, तेव्हाचे बासिम, १८७५ मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाले. १९०५ मध्ये वऱ्हाडाच्या सहा जिल्ह्यांचे चार करताना ते पुन्हा अकोल्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी ते परत जिल्हा झाले. परिणाम असा की १९१० च्या गॅझेटिअरमध्ये वाशीमची माहिती हवी असेल तर अकोला जिल्ह्याचा खंड काढावा लागतो. कागद आहे तिथेच आहे, त्याच्या डोक्यावरचे कार्यालय बदलले. योगायोग असा की त्याच १९९८ साली वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने एक टिपण लिहून बजावले होते की चांगला वेबपत्ता बदलत नसतो. पत्त्यात आजच्या यंत्रणेच्या खुणा ठेवू नका, कारण यंत्रणा बदलली की पत्ता मरतो. बाहेरच्या फोल्डराची पद्धत नेमकी ही फारकत करून देते. लोकांना दिसतो तो पत्ता ‘/पोथ्या/’ असा एक असतो, आणि डिस्कवरची जागा वेगळी असते. दोघांची सांगड सर्व्हरच्या सेटिंगमधल्या एका ओळीत असते. डिस्क भरली, नवी आणली, फोल्डर हलवले, तर ती ओळ बदलायची. पुस्तकांत, शासकीय पत्रांत, विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरलेला पत्ता तसाच राहतो. उद्या संस्थाच दुसऱ्या संस्थेत विलीन झाली, तरी फोल्डर उचलून नेता येते. जार उचलून नेली तर तिच्याबरोबर जुन्या संस्थेचे नाव, जुना लोगो आणि जुन्या कंत्राटदाराची जावाची आवृत्ती एवढे सगळे येते.

आता वजनदार आक्षेप. सुरक्षिततेचा जाणकार म्हणेल : पोटातल्या फाइली बंदिस्त असतात, बाहेरच्या फोल्डराला दार काढले म्हणजे सगळ्या डिस्कला दार काढले. हे भय काल्पनिक नाही. फाइलीच्या पत्त्यात दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ लिहिली की त्याचा अर्थ एक पायरी वर जा असा होतो. अशा पुरेशा पायऱ्या चढल्या की माणूस नेमून दिलेल्या फोल्डराच्या बाहेर पडतो आणि पासवर्डच्या फाइलीपर्यंत पोचतो. नवशिक्याच्या प्रोग्रामात ही फट असणे समजू शकते. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये ती अपाचेच्या २.४.४९ या आवृत्तीत निघाली, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक तपासल्या गेलेल्या सर्व्हरांपैकी एकात. टिंबाला सांकेतिक रूपात लिहिले की तपासणी चुकत होती. घाईने काढलेली २.४.५० ही दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये, स्प्रिंग बूट ज्यावर उभा आहे त्या स्प्रिंगमध्येही असाच दोष जाहीर झाला. त्याचे स्वरूप आपल्या विषयाला थेट भिडणारे आहे : स्थिर फाइली देण्याच्या एका विशिष्ट पद्धतीत, फाइलींची जागा डिस्कवरचे फोल्डर म्हणून नेमली असेल तरच धोका होता. म्हणजे बाहेरच्या फोल्डरामुळे धोक्याची एक जागा वाढते, हे कबूल केलेच पाहिजे. ते नाकारणाऱ्याकडून सर्व्हर बसवून घेऊ नये.

तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. त्याची कारणे याच उदाहरणांतून निघतात. अपाचेच्या त्या दोषाने तेच सर्व्हर उघडे पडले जिथे नेमलेल्या फोल्डराबाहेरचे सगळे सक्त बंद ठेवण्याची सूचना सेटिंगमध्ये नव्हती. भिंत एकच असली की ती फुटल्यावर काही उरत नाही. म्हणून सर्व्हर स्वतंत्र, कमी अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायचा. फोल्डर त्याला फक्त वाचण्यापुरते द्यायचे. मागितलेला पत्ता आधी पूर्ण उलगडून मग तो नेमलेल्या फोल्डराच्या आतच पडतो का ते पाहायचे. आणि दुसरीकडे नेणाऱ्या सिम्बॉलिक लिंक मानायच्या नाहीत. एवढे केले तर प्रोग्राममध्ये दोष निघाला तरी चोराच्या हाती लागतात ते बहुतांशी आधीच सार्वजनिक असलेले कागद. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दोष निघणारच, तेव्हा खरा प्रश्न दुरुस्ती किती लवकर बसवता येते हा असतो. बोआ नावाचा एक पोटात बसणारा सर्व्हर होता. त्याचा विकास २००५ मध्येच थांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की एका आठवड्याच्या पाहणीत इंटरनेटला उघडे असलेले बोआचे दहा लाखांहून अधिक घटक जगभर आढळले. ही नोंद भारतातल्या वीजयंत्रणेवरच्या घुसखोरीच्या संदर्भात होती. सतरा वर्षे मृत असलेला सर्व्हर लोक चालवत राहिले, कारण तो यंत्राच्या पोटात शिवून टाकलेला होता आणि तो बदलायचा म्हणजे सगळेच बदलायचे. दप्तर आणि सर्व्हर एकत्र शिवले की तीच अवस्था येते. कागद जातील या भीतीने कोणी सर्व्हरला हात लावत नाही आणि तो जुना होत राहतो. दप्तर बाहेर असेल तर सर्व्हर दुपारच्या सुटीत बदलता येतो.

सुरक्षिततेच्या चर्चेत चोराचाच विचार होतो, याचे मला आश्चर्य वाटते. सार्वजनिक फोल्डराला जास्त धोका घरच्या माणसाच्या निष्काळजीपणाचा असतो. केंद्र आणि राज्य शासनाच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक जाहीर झाले होते, हे आधार प्राधिकरणाने स्वतः २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरात सांगितले. त्यात कोणी भिंत फोडली नव्हती. कोणीतरी यादी उचलून सार्वजनिक जागेत ठेवली, एवढेच. बाहेरच्या फोल्डरात फाइल टाकणे सोपे आहे, हा त्याचा गुण आहे आणि हाच दोषही आहे. उपाय जुन्या कार्यालयांना माहीत असलेलाच आहे : आवक निराळी, जावक निराळी. लोकांनी किंवा कर्मचाऱ्यांनी चढवलेल्या फाइली एका फोल्डरात याव्यात, त्या फोल्डराला बाहेर दार नसावे. जबाबदार माणसाने पाहून मगच त्यातली फाइल सार्वजनिक फोल्डरात हलवावी. दोन्ही फोल्डर एक केले तर आणखी एक भानगड होते. कोणी चित्र म्हणून चढवलेल्या फाइलीत स्क्रिप्ट दडलेली असली तर ती संस्थेच्याच पत्त्यावरून, संस्थेच्या नावाने, वाचकाच्या ब्राउझरात चालते.

तिसरा आक्षेप रोजच्या व्यवहाराचा आहे आणि तो घेणारे सहसा गावोगाव यंत्रे बसवणारे तंत्रज्ञ असतात. ते म्हणतात, बाहेरचे फोल्डर असले की ‘सापडत नाही’ अशी तक्रार फार येते. खरे आहे. कारणे मात्र मोजकी आहेत आणि ती सांगण्याजोगी आहेत. एक कारण वीज. पेन ड्राइव्हवर दप्तर ठेवले, कोणीतरी लॉगिन केल्यावर ती आपोआप जोडली गेली, सगळे नीट चालले. रात्री वीज गेली, परत आली, यंत्र आपणहून सुरू झाले, सर्व्हरही सुरू झाला. पण लॉगिन करायला कोणी नव्हते, म्हणून पेन ड्राइव्ह जोडलीच गेली नाही. सर्व्हर रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहिला आणि सकाळी शाळेत प्रत्येक पुस्तकावर ४०४, म्हणजे तेच ‘सापडत नाही’. म्हणून डिस्क यंत्र सुरू होतानाच ठरावीक नावाने जोडली जाईल अशी नोंद आधी करून ठेवावी लागते. दुसरे कारण अर्धवट पत्ता. ‘पोथ्या’ एवढेच लिहिले तर ते सर्व्हर ज्या फोल्डरातून सुरू केला त्याच्या संदर्भात वाचले जाते. हाताने सुरू केला तेव्हा बरोबर, सेवा म्हणून आपोआप सुरू झाला की त्याची सुरुवात डिस्कच्या मुळापासून होते आणि तिथे पोथ्या नसतात. पत्ता मुळापासून पूर्ण लिहावा. तिसरे कारण तर गमतीचे आहे. स्प्रिंग बूटला बाहेरची जागा सांगितली की आधीच्या ठरावीक जागांत भर पडत नाही, त्यांची जागाच ती घेते. पोथ्या दिसू लागतात आणि पानाची रंगसंगती, चित्रे, कपडे सगळे गायब! आतली जागाही यादीत पुन्हा लिहावी लागते. रास्पबेरी पायच्या बहुतेक आवृत्त्यांत घड्याळाला बॅटरी नसते, ही आणखी एक बारीक अडचण. इंटरनेट नसताना वीज गेली-आली की वेळ मागे राहते, त्या वेळी उतरवलेल्या फाइलीवर चुकीची तारीख पडते आणि वाचकाला जुनीच प्रत दिसण्याचा संभव असतो. तिथे तारखेऐवजी फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण वापरणे शहाणपणाचे. यातली एकही अडचण फाइली आत कोंबण्याचे कारण होऊ शकत नाही. ही सगळी बसवण्याच्या दिवशी तासाभरात मिटणारी कामे आहेत.

मराठी फाइलनावांची अडचण मात्र तासाभरात मिटत नाही. ती आपल्यालाच सोडवायची आहे, परदेशातून कोणी सोडवून देणार नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. ‘वाशीम’ या नावातली पाच चिन्हे पत्त्यात पंचेचाळीस अक्षरांची शेपटी होतात. ती लांबी यंत्र सहन करते. पण ‘वाशीम’ आणि ‘वाशिम’ ही दोन्ही रूपे चालतात हे यंत्राला कोणी सांगायचे? त्याच्या लेखी ती दोन निराळी गावे आहेत. त्याहून फसवे प्रकरण ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातल्या ऱ्य चे. तो ऱ या स्वतंत्र चिन्हाने टंकता येतो, र आणि खालच्या नुक्त्याने टंकता येतो, किंवा र, हलंत आणि एक अदृश्य जोडखूण देऊनही टंकता येतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, डिस्कवर तीन वेगळ्या फाइली. कृषी विभागाच्या पत्रकांच्या फोल्डरात हा शब्द किती फाइलींच्या नावात असेल याचा अंदाज आपण करू शकता. फाइली जारमध्ये होत्या तेव्हा नावे प्रोग्रामर ठरवत असे आणि तो ती रोमन लिपीत ठेवून मोकळा होत असे. दप्तर बाहेर आले की नावे लिपिक ठरवणार, आणि तो मराठीत ठरवणार, जे योग्यच आहे. मग निदान एका संस्थेने एक कीबोर्ड आणि एक शुद्धलेखन ठरवावे. फाइलीचे डिस्कवरचे नाव क्रमांकाने द्यावे आणि मराठी शीर्षक वेगळ्या सूचीत ठेवावे. शासन निर्णयांना संगणक संकेतांक देण्याची पद्धत महाराष्ट्र शासनाने पाडलेलीच आहे. शीर्षकात ऱ कसाही टंका, संकेतांक फसत नाही.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला, सगळे क्लाउडवरच्या एखाद्या ड्राइव्हवर टाकून दुवा द्यावा. दुसरी प्रत म्हणून जरूर टाकावे. पण ते खाते बहुधा एका कर्मचाऱ्याच्या नावाचे असते, त्याची बदली होते, आणि दुव्याचा पत्ता कंपनीच्या मालकीचा असतो. शिवाय मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेत नेटवर्क गेलेले असेल, तेव्हाच नेमके पुस्तक लागते.

शेवटचा आक्षेप जाणत्यांचा आहे : स्थिर फाइली देणे हे पोटातल्या सर्व्हरचे कामच नव्हे, त्यासाठी एनजिनएक्ससारखा स्वतंत्र सर्व्हर पुढे बसवावा. मोठ्या कामाला हे अगदी बरोबर आहे. हजारो वाचक असतील तर मीही तेच सुचवीन. एक यंत्र, एक शिक्षक आणि चाळीस मुले असतील तिथे एकच प्रोग्राम सांभाळणे सोपे पडते. पण या आक्षेपाकडे नीट पाहिले तर तो माझी बाजू भक्कम करतो. दप्तर बाहेरच्या फोल्डरात असेल तर आज पोटातला सर्व्हर ते देईल, उद्या एनजिनएक्स देईल, परवा आणखी कोणी, आणि फोल्डराला याचा पत्ताही लागणार नाही. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचू देणारे किविक्स अशाच समजुतीवर उभे आहे. वाचायला देणारा प्रोग्राम एका बाजूला, मजकुराची झिम फाइल दुसऱ्या बाजूला. नवी झिम फाइल आली की तेवढीच बदलायची. त्या झिम फाइलीवर माझा एक आक्षेप आहे की ती साध्या फाइल मॅनेजरने उघडत नाही. पण तिची रचना जाहीर असल्याने वाचायला देणारा दुसरा प्रोग्राम लिहिता येतो, म्हणून तेवढे चालवून घेता येईल. ज्या प्रोग्रामने आपल्या पोथ्या गुप्त रचनेच्या डेटाबेसात नेऊन ठेवल्या, त्याला ही सवलत देता कामा नये.

तेव्हा संगणकीकरणाचे कंत्राट देताना मसुद्यात एक अट घालावी लागेल. संस्थेच्या फाइली नेहमीच्या खुल्या रूपांत, प्रोग्रामबाहेरच्या फोल्डरात असतील, आणि त्या फोल्डराची जागा संस्थेला सेटिंगमधून बदलता येईल. अट पाळली गेली की नाही हे पाहायला तंत्रज्ञ लागत नाही. ग्रंथपालाने सर्व्हर बंद करायला सांगावे, दप्तराची डिस्क काढून वाचनकक्षातल्या कोणत्याही दुसऱ्या संगणकाला लावावी, आणि गेल्या महिन्यात टाकलेली एक फाइल उघडून पाहावी. उघडली तरच बिलावर सही करावी.